पहिल्या दिवसाचा व्हिडिओ

“हा पहिल्या दिवसाचा,” असं म्हणत पल्लवीने लॅपटॉप पालकांकडे वळवला. महिनाभर गावातल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवून तिचा घसा बसला होता. विहाराच्या सभागृहातले पंखे गरम हवाच फिरवत होते.

पडद्यावर राजनंदिनी दिसली. केस विस्कटलेले, एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभी. “माय नेम राजनंदिनी! माय हाऊस फाइव्ह गोट. वन गोट फुल मेंटल! माय आबा नो टीथ, बट डेली डेली ईटिंग शेंगदाणे!”

सतरंजीवर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने तिचे आजोबा हसले. “माह्यंच सांगून राहिली ना?” पुंजाजींनी शेजारच्याला विचारलं. “दाताचंच म्हनली असंल, आगाऊ कुठली!”

सोमवारी ते नातीला हिंगोलीच्या एका इंग्रजी शाळेत नेणार होते. तिथल्या बाई तिच्याशी इंग्रजीत बोलणार आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवणार. घरात कुणाचा होकार नव्हता. पुंजाजी एकटेच हट्टाला पेटले होते.

पल्लवीने व्हिडिओ थांबवला. फरक दाखवायचा तर आधीची स्थिती टिपून ठेवावी लागते, हे ती एमएस्सी करताना शिकली होती. आधीची दाखवून झाली. आता नंतरची.

“राजनंदिनी, कम. टेल अस अबाउट युवर फॅमिली.”

राजनंदिनी पुढे आली. केस चापून बसवलेले, हात मागे, पाय जुळवलेले. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिचे ओठ आवाज न करता हलू लागले.

पल्लवीने ते ओठ ओळखले. आधी मनात वाक्य जुळवा, तपासा, मगच बोला, असं तिनेच रोज सांगितलं होतं. राजनंदिनी सगळ्यांत जास्त बोलायची, म्हणून तिच्या चुकाही पल्लवीने सगळ्यांत जास्त काढल्या होत्या.

ओठ पुन्हा हलले. पुन्हा थांबले.

“बोल की वो बाई,” पुंजाजी म्हणाले. “काहून गप बसली? आत्ता तं कशी फडफड बोलत व्हती त्या डब्यात.”

“ते चुकीचं होतं, आबा.”

“मंग बराबर बोल.”

राजनंदिनीने पल्लवीकडे पाहिलं. डोळे भरत आले होते. पल्लवीने घाईघाईने तिला बसायला सांगितलं आणि दुसऱ्या मुलाला उभं केलं. त्याने पाठ केलेल्या ओळी एका दमात म्हणून टाकल्या. टाळ्या झाल्या.

लोक पांगल्यावर पुंजाजी नातीचा हात धरून पुढे आले.

“म्याडम, तुमी लई तकलीफ घेतली. पन पह्यले बोलत व्हती हो ही.”

“चुकीचं बोलायची, आजोबा.” पल्लवीला समजावून सांगायचं होतं, पण बसलेल्या घशातून तेवढंच निघालं.

“व्हय. पन बोलत व्हती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी खिशातून मुलाचा मोबाईल काढून तिच्यापुढे धरला. “त्यो पह्यल्या दिवसाचा पिच्चर याच्यात टाकून द्या. सोमवारी पोरगी गप बसली, तं मी त्या बाईला ह्योच दाखवतो. म्हनतो, बघा, बोलती ही.”

पल्लवीने व्हिडिओ पाठवला. छोटं वर्तुळ सावकाश भरत होतं. तिघंही त्याकडे पाहत उभे राहिले.

“मॅडम,” राजनंदिनी हळूच म्हणाली, “त्यात चुका आहेत ना?”

पल्लवीने तिच्याकडे पाहिलं. महिन्यात पहिल्यांदाच तिने चूक सोडून दिली.

“नाही,” ती म्हणाली. “सगळं बरोबर आहे.”

राजनंदिनीचा विश्वास बसला नाही. तेवढं इंग्रजी तिला आता येत होतं.