जावयाचे बूट

"प्योर लेदर है साहब, एक्सपोर्ट का माल," असं म्हणत दुकानदारानं काळा जोड डब्यातून काढला आणि त्यावर मऊ फडकं मारलं. बूट असा चकाकला, की छतावरची ट्यूबलाइट त्यात दिसायला लागली.

"वा! हेच घे, संग्राम," दिलीपराव म्हणाले.

जावयाचे बूट मुलीकडच्यांनीच घ्यायचे ही रीत दिलीपरावांना हौसेनं पाळायची होती. वल्लरी त्यांची एकुलती एक. त्यासाठी ते गुडगावच्या आपल्या नव्या फ्लॅटमधून निघून, भलत्याच टोकाला मयूर विहारपर्यंत येऊन, संग्राम आणि त्याच्या वडलांना गाडीत घालून दिल्लीच्या करोल बाग बाजारात घेऊन आले होते. गाडीत गाणीसुद्धा लावली होती.

संग्रामनं उजवा बूट पायात घातला. डावा बळवंतरावांनी, त्याच्या वडलांनी, सहज म्हणून उचलून मांडीवर घेतला.

आणि मग ते सगळं विसरले. त्यांनी अंगठ्यानं बुटाचा वरचा भाग दाबला, सुरकुती कशी पडते ते पाहिलं. दोन्ही हातांनी बूट वाकवला. कडेला नाक लावलं. आत बोटं घालून टाचेकडचं अस्तर जरासं उचललं आणि खाली काय आहे ते चाचपलं. केंद्रीय मंत्रालयातल्या नोकरीत साध्या कागदावर सही करताना हा माणूस दहादा चष्मा पुसायचा. इथे चष्मा खिशातच राहिला.

बळवंतरावांचे वडील कराडला एसटी स्टँडसमोर बसून चपला शिवायचे. दिलीपरावांना जात ठाऊक होती. "आम्ही असलं काही मानत नाही हो," म्हणून त्यांनी पहिल्याच भेटीत विषय मिटवला होता, आणि सगळ्यांनी घाईघाईनं चहा घेतला होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि असं भर दुकानात डोळ्यांसमोर दिसणं वेगळं. संग्रामचे कान तापले. उगाच आडपडदा कशाला, त्याला बापाच्या हातांची लाज वाटली.

"दिलीपराव, हे कातडं जरा..." बळवंतरावांनी सुरुवात केली.

"बाबा, राहू द्या ना! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

आवाज नको तेवढा मोठा निघाला. शेजारी सँडल बघणाऱ्या बाईनं वळून पाहिलं.

"अरे, कोणाला कळतंय यार?" दिलीपराव खळखळून हसले. "आपल्याला डबा उघडून दाखवतील ते आपण घ्यायचं. काय बळवंतराव?"

"बिल्कुल," बळवंतराव म्हणाले. त्यांनी उचललेलं अस्तर तळहातानं पुन्हा बसवलं आणि बूट खाली ठेवला.

दिलीपरावांचा मोबाइल वाजला. आत नीट ऐकू येईना, म्हणून ते फुटपाथवर गेले. दुकानदार तेवढीच वाट पाहत होता. तो बळवंतरावांपाशी उकिडवा बसला.

"बाबूजी, आपने तो हाथ लगाते ही पकड़ लिया," तो हळूच म्हणाला. "आप अपने ही काम के आदमी हैं. आपको वो नहीं दूँगा."

बळवंतरावांनी मान हलवली, पण ती नकाराची होती की होकाराची ते कळलं नाही. दुकानदार शिडी चढून वरच्या फळीवरून एक धुळकट डबा घेऊन आला. आतल्या जोडाला चमक अशी नव्हतीच. त्यानं तो संग्रामला दाखवलाही नाही, सरळ बळवंतरावांच्या हातात दिला. त्यांनी एकदाच अंगठा फिरवला आणि मुलाकडे सरकवला.

संग्रामनं पाय आत घातला आणि त्याला फरक कळला. बूट नवा होता, तरी कुठे रुतला नाही की बोचला नाही. तो उठून चार पावलं चालला. मन म्हणालं, हेच घ्यावेत.

"अरे, हे कुठले काढले?" दिलीपराव दारातूनच म्हणाले. "किती मरगळलेले दिसतायत! लग्नात बूट कसे चमकायला हवेत. कोणी सुचवले हे?"

दुकानदारानं बळवंतरावांकडे पाहिलं. बळवंतरावांनी संग्रामकडे. 'बाबांनी' एवढंच म्हणायचं होतं. मग दिलीपरावांनी नक्की विचारलं असतं, त्यांना कसं कळलं. तेही दुकानदार समोर असताना.

"कोणी नाही," संग्राम म्हणाला. "दुकानदारच असेच दाखवत होता." आणि त्यानं पाय बाहेर काढला.

दुकानदारानं धुळकट डबा बंद केला. चकाकणारा जोड त्यानं पातळ कागदात गुंडाळला. दिलीपराव डबा काखेत मारून खुशीत गाडीकडे गेले.

बापलेक मागून चालत होते. संग्रामला वडलांकडे बघवेना. शेवटी न राहवून तो पुटपुटला, "बाबा, टिकतील ना?"

"कार्य पार पडेल." बळवंतरावांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच संग्रामला जास्त लागलं. "पाण्यात घालू नकोस, तळाला पुठ्ठा आहे. शिवण नुसती दाखवण्यापुरती आहे."

"आणि उसवले तर?"

पुढे दिलीपराव गाडीचं दार उघडून उभे होते, हात हलवून बोलावत होते. बळवंतरावांनी त्यांना हसून हात केला.

"घरी घेऊन ये," ते म्हणाले. "मी दार लावून शिवून देईन."