आईच्या पसंतीचं हॉस्पिटल

"मले नाही पटलं बाप्पा हे हॉस्पिटल," अन्नपूर्णाबाई जिना उतरता उतरता म्हणाल्या. "लिफ्ट पाह्यली का? एवढुशी हाय."

शेखरच्या तोंडावर मास्क होता आणि बगलेत फाइल. "ठीक हाय," तो म्हणाला. "दुसरं पाहू."

नागपूरचं ते हॉस्पिटल तसं नावाजलेलं होतं. सत्तावीस वर्षांच्या शेखरचा रक्ताचा कॅन्सर औषधांनी सध्या दबला होता. तो पुन्हा डोकं वर काढायच्या आत, म्हणजे फार तर दोन महिन्यांत, दुसऱ्या कुणाच्या तरी हाडांतल्या मगजाच्या पेशी त्याच्या अंगात सोडायच्या होत्या. भाऊ-बहीण कुणी नव्हतं. वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. "आधी आईंचं रक्त तपासू," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "पूर्ण नाही, तर निम्मं तरी जुळेल. आजकाल निम्म्यावरही काम होतं." अन्नपूर्णाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग न्हाणीघर पाहिलं, कँटीनचं वरण चाखलं, व्हरांड्यातल्या नातेवाइकांशी बोलून घेतलं. आणि नापसंती कळवली.

पंधरा दिवसांनी संभाजीनगर. तिथे काचेच्या खोल्या होत्या, गाळलेली हवा होती, तिथल्या नर्स स्वभावाने बऱ्या होत्या. नर्सने रक्त घ्यायला बाही वर करायला सांगितली तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आधी हॉस्पिटल तर पक्कं होऊ द्या." बाहेर आल्यावर त्यांनी कारण सांगितलं. डॉक्टर बोलताना मान वर करत नव्हता.

"आई म्हणन ते," शेखर म्हणाला.

गावात, जानेफळात, बोलणं सुरू झालं. शेजारचे तुळशीराम मळ्यात येऊन सुनावून गेले, "वहिनी, सोयरीक पाहून राह्यल्या का हॉस्पिटल? पोराजवळ टाइम नाही." अन्नपूर्णाबाई मेथी खुडत होत्या. त्या खुडतच राहिल्या. तुळशीराम गेल्यावर मात्र वाफ्यातच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. हा एकच मुलगा होता. तो हातचा जाईल या धास्तीने आजार कळल्यापासून त्यांना घास गिळवत नव्हता. आणि तरी दोन हॉस्पिटलं त्यांनीच नाकारली होती.

संध्याकाळी त्यांनी नांदुऱ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला. तासभर बोलल्या. शेखर पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होता. त्याने आवाज थोडा वाढवला.

तिसरं हॉस्पिटल मुंबईचं. गाडी नांदुऱ्याहून होती. धाकटी बहीण रुखमाबाई डबा घेऊन स्टेशनवर आल्या. त्या तिथल्या वसतिगृहात स्वयंपाक करत. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, पुन्हा संसार मांडला नाही, एकटा जीव. डबा द्यायला आलेल्या बाईच्या दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"मावशी, तू पण येऊन राह्यली का?" शेखरने विचारलं.

"येतो ना. ताई एकटी काऊन जाईन?"

शेखरने तिची पिशवी घेतली आणि खिडकीजवळची आपली जागा तिला दिली.

मुंबईचे डॉक्टर वयस्कर होते, बोलताना मान वर करणारे. "आई, तुमच्यापासून सुरुवात करू," ते म्हणाले.

"मले शुगर हाय, डाक्टरसाहेब. बीपीची गोळी हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"नुसतं तपासायला हरकत नाही."

"माहं घ्या ना," मागून रुखमाबाई म्हणाल्या. "मी चांगली धडधाकट आहो."

"मावशीचं जुळेलच असं नाही, बाई."

"पाहून तर घ्या."

डॉक्टरांनी शेखरकडे पाहिलं. "मावशीचंच घ्या, साहेब," तो म्हणाला. "आईचा हात लई दुखते सुईनं." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. बरोबर निम्मं जुळलं होतं. "नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. अन्नपूर्णाबाईंना उभ्या उभ्या रडू फुटलं. रुखमाबाई त्यांची पाठ थोपटत राहिल्या, आणि मग त्यांनाही आवरेना.

"हेच हॉस्पिटल पक्कं करू," डोळे पुसून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"लिफ्ट तर इथलीही लहानच हाय, आई."

"चालते."

शेखर बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला.

भरती व्हायच्या दिवशी काउंटरवर चार पानांचा फॉर्म मिळाला. चिखलीला शेखरचं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. दाखले, रेशन, पीकविमा, सगळं. दुसऱ्याने भरलेला फॉर्म त्याला कधी पटायचा नाही. सलाइनची पट्टी असलेल्या हाताने तो स्वतःच लिहायला बसला. अन्नपूर्णाबाई बाजूला बसून सांगत होत्या.

"रुखमेचं नाव नीट लिहिजो. आधार कार्डावर हाय तसं."

"हाव."

"नात्यात सख्खी मावशी लिही."

"लिहितो, आई. तू बस निवांत."

त्याने सही केली आणि फॉर्म दिला. दोघी बहिणी पिशव्या सावरत त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. काउंटरवरची मुलगी मोठ्याने वाचत एकेक माहिती कॉम्प्युटरवर चढवू लागली.

"पेशंटसोबत राहणार, अन्नपूर्णाबाई. नातं, आई." तिने पान उलटलं. "पेशी देणार, रुखमाबाई. नातं..." ती थांबली. "इथे चुकलंय हो तुमचं. इथेही आईच लिहिलंय."

"चुकलं नाही, मॅडम," शेखर म्हणाला. "दोन्हीकडे तसंच राहू द्या."