नेपच्यून सेव्हन्टीनचा शेवट

"दार उघडतं, पण बाहेर कोणी नसतं. एवढं ध्यानात ठेव," चुडामण मामा म्हणाले.

एरंडोलच्या टपरीवर चहा घेता घेता ते ज्ञानेश्वरकडून शेवटची उजळणी करून घेत होते. ज्ञानेश्वरचं धुळ्यात विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याचे आईवडील गाडीत बसले होते. मुलीचं गाव असोदा अजून तासाभरावर होतं.

"आणि टकटक ऐकू येते तिथे जरा थांबायचं. चोपड्याचा पोरगा तिथे रडला होता."

"मग मुलगी त्याला नाही का म्हणाली?"

"जास्त रडला."

मामा थकले होते. भाची पुनमसाठी दोन वर्षांत त्यांनी आणलेला हा सातवा मुलगा. पुनम जळगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. बोलायला कमी, वागायला सरळ. पण पोहे झाले, दोघांना दहा मिनिटं गच्चीवर बोलायला सोडलं, की ती प्रत्येकाला एकच विचारायची: "'नेपच्यून सेव्हन्टीन' खेळलात का? शेवट कसा वाटला?"

मामांनी आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळलं नव्हतं. पण दर वेळी जिन्याशी खुर्ची टाकून राखणीला तेच बसायचे, त्यामुळे तो गेम त्यांना पाठ झाला होता. अवकाशयानातली सगळी माणसं मेलेली. एकटी कॅप्टन बाई उरलेली. बाहेरून कोणीतरी दार वाजवतं, ती कडीला हात लावते आणि पडदा पांढरा होतो. खेळ खलास. पुढे काय झालं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

ज्यानं त्यानं ठरवलंही होतं. पहिला एरंडोलचा औषधदुकानवाला. तो म्हणाला, दाराबाहेर तीच बाई उभी असते. पुनमने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. त्यानंतरचे सगळे आधी मामांनाच गाठायचे. मुलगी विचारते काय? मामाही सांगून टाकायचे, पोहे फुकट जायला नकोत म्हणून. पहूरच्या पोराच्या मते दार उघडतच नाही. टकटक म्हणजे बाईच्या छातीचे ठोके. हा गेम मोबाईलवर सापडत का नाही, तेही त्यानेच समजावलं. भारतात बंद केलाय. शिरपूरचा इंजिनीअर म्हणाला, मुळात यान उडालेलंच नसतं. चोपडावाल्याने तर गेम तीनदा संपवला होता आणि टकटक मोजली होती. तेरा.

पुढे धरणगावच्या एका लग्नात एरंडोलवाला आणि पहूरवाला पंगतीत समोरासमोर आले. "छातीचे ठोके दाराबाहेरून कसे येतील रे?" इथून सुरू झालं, ते वाढप्याने मध्ये वरणाची बादली आणून ठेवली तेव्हा थांबलं.

मामांचं मन मात्र त्या बाईवरून उठेना. कपाशी फवारताना पंप बंद करून ते तसेच उभे राहायचे. एकदा जेवताना त्यांनी मामींना विचारलं, "तिनी दार उघाडं व्हई का?"

"उघाडू द्या ना," मामी म्हणाल्या. "तिनं दार शे." दार तिचं, ती बघून घेईल, असा मामींचा हिशेब.

आज मात्र चुकून चालणार नव्हतं. पुनमचे वडील अभिमन भाऊंनी कालच फोनवर सांगितलं होतं, "चुडामण, हा शेवटला. ह्याला नाही म्हणाली तर सुरतवाल्यांना मी हो कळवतो. मग तिला विचारत बसणार नाही." सुरतवाल्यांची अट एकच होती. पोरीने नोकरी सोडून घरी बसायचं.

पोहे झाले. चहा झाला. पाहुण्यांनी केळीच्या भावाची चौकशी केली. मग दोघं गच्चीवर गेले आणि मामांनी वरच, जिन्याशी खुर्ची टाकली.

"'नेपच्यून सेव्हन्टीन' खेळलात का?" पुनमने विचारलं. "शेवट कसा वाटला?"

ज्ञानेश्वरने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवून धीर दिला.

"मी खेळलो नाही," तो म्हणाला.

मामांनी डोळे मिटून घेतले.

"नाव तरी ऐकलंय?"

"आज सकाळी. मामांनी येता येता शेवट शिकवला. दार उघडतं आणि बाहेर कोणी नसतं म्हणे. पण मला ते पटलं नाही. एवढ्या लांब येऊन कोणी दार वाजवेल आणि निघून जाईल?"

"पोरा..." मामा खुर्चीतून म्हणाले.

"एका ठिकाणी थांबायचं पण होतं," ज्ञानेश्वर म्हणाला. "कुठे ते विसरलो."

पुनम हसली. सात मुलांत पहिल्यांदा. मामांना ते हसणं काही बरं वाटलं नाही. संपलं, त्यांनी मनाशी म्हटलं. आता सुरत.

पुनम जिना उतरून थेट वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "मला पसंत आहे," ती म्हणाली. "ते हो म्हणत असतील तर माझंही हो."

अभिमन भाऊंनी दोघांनाही दोनदा विचारून खात्री केली. पुनमची आई कमलबाई साखर वाटायला उठल्या. बाहेर हसणं-खिदळणं सुरू झालं. मामा तेवढे स्वयंपाकघरात आले. पुनम पाण्याचे पेले भरत होती.

"पुनम, ज्याले शेवट माहीत नही, त्याले तू हो म्हणनी. ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पण आते तरी सांग. दोन वरीसपासून मना जीव अडकेल शे. त्या बाईनी दार उघाडं का नही?"

पुनमने एक पेला त्यांच्या हातात दिला.

"असा गेमच नाही, मामा. मी मनात आलं ते नाव घेतलं होतं फक्त. ती बाई, ते दार, सगळं एरंडोलवाल्यानेच आणलं."