नैवेद्याची कुळी

धोंडाबाईनं सकाळी खुडलेल्या कुळीच्या रानभाजीचा एक बुडखा खुरप्यानं उकरला आणि बोटांनी माती बाजूला सारली. खाली पांढऱ्या मुळ्यांचा झुबका निघाला. तिनं श्वास सोडला.

पण एका बुडख्यानं काय होणार? सकाळी तिनं टोपलीभर पाला खुडला होता. आणि मुळशीच्या या कातळावर, जिथं कुळी उगवते त्याच भेगांत तिचा भाऊबंद कोळकांदाही बसलेला असतो. पाती दोघांची सारखीच लांबट, सारखीच हिरवी. फुलं असली तर पोरालाही कळावं. कुळीला पावसात पांढरी चांदणी फुटते, कोळकांदा मात्र उन्हाळ्यातच फुलून मोकळा झालेला असतो. पण भाजीला कुळी हवी कोवळी, फुलायच्या आधीची. मग ओळख पटायची ती मातीखालीच. कुळीला मुळ्या, दुसऱ्याला कांदा. कुळीची भाजी होते, कोळकांद्यानं माणूस आडवा होतो.

एरवी पातं चावून बघायचं, कडू लागलं तर थुंकून टाकायचं. जन्मभर ती तेच करत आली होती. पण वर्षाची पहिली भाजी वाघजाईला दाखवल्याशिवाय जिभेला लावायची नाही, हा घरचा नेम. तो तिनं आजही पाळला. डोळ्यांत मोतीबिंदू, माळावर धुकं, आणि ही बाई नुसत्या सवयीच्या जोरावर खुडत सुटली.

नैवेद्य झाल्यावर नातसुनेनं, अपेक्षानं, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, कडू लागतीया."

"सातव्या म्हयन्यात साखरबी कडू लागती. खा मुकाट्यानं."

असं म्हणून धोंडाबाई ओसरीवर आली आणि तिथंच तिला कोळकांद्याचा कडूपणा आठवला. आल्या पावली परत जाऊन पोरीपुढचं ताट ओढून घ्यायला हवं होतं. पण मग नातू साहिल बोलला असता, 'आजी, डोळ्याचं ऑपरेशन होईस्तोवर माळावर जायचं न्हाई म्हणून किती येळा सांगितलं?' आधी आपण बघू, मग बोलू, असं मनाशी म्हणत ती खुरपं घेऊन पुन्हा माळावर आली होती. तिचा चतुर्थीचा उपास, त्यामुळे तिनं भाजी चाखलेली नव्हती. तिचा म्हातारा, गेणबा, अजून खाचरातून यायचा होता.

"काकी, कुळी उपटतीस व्हय?"

शेळ्या हाकत चाललेला गावातला विश्राम थबकला. कुळी कुणी मुळासकट काढत नाही. काढली तर पुढच्या साली खायचं काय?

"परसात लावायचीय," तिनं वर न बघता सांगितलं.

"जपून. औंदा हितं कोळकांदा लई माजलाय. आमच्या बहिरूचा बैल त्यानंच गेला. उगाच निजल्यावानी पडला हुता, आमाला वाटलं दमलाय."

"व्हय," ती म्हणाली. आणि खुरपं आणखी खोल घातलं. तो शेळ्यांमागं खाली उतरून गेला.

ती उकरत राहिली. मुळ्या निघाल्या. पुन्हा मुळ्याच. जिथं तिनं कधी कुणाला खुरपं लावू दिलं नव्हतं ती जागा नांगरल्यासारखी झाली, पण भीतीपुढे तिला त्याचं काही वाटेना. आई वाघजाई, पोरीला आणि तिच्या बाळाला सांभाळ, माझे डोळे ने हवं तर, असं ती पुटपुटत होती.

भेगेच्या कडेचा एक बुडखा हलेना. तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला.

हातात कांदा आला. त्याच्या माथ्यावरची पाती नुकतीच खुडलेली होती, तिच्याच हातानं.

तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढून घरी लावला. पलीकडून अपेक्षाचा आवाज आला.

"पोरी... भाजी खाल्लीस तू?"

"रागावू नका आजी. एक घास घेतला, तोबी थुंकला. न्हाईच गेली."

धोंडाबाईनं खुरपं टाकलं. तिला रडू आलं. किती वेळ ती नुसतीच "बरं केलंस, बाय माझी, बरं केलंस," म्हणत राहिली. मग पदरानं नाक पुसून तिनं विचारलं, "टाकलीस कुटं? कोंबड्या खातील."

"टाकू कशी? आबा आले ना खाचरातून. म्हणाले, देवीला दावलेलं टाकायचं नसतंय, आन ती माझ्या ताटात. सगळी एकट्यानं खाल्ली त्यांनी. तुमच्या वाटची ठेवलेली, तीपण."

"कुटं हायेत ते?"

"निजलेत मघापासनं. लई दमलेत वाटतं."

"उठव!" धोंडाबाई ओरडली. "त्यात कोळकांदा गेलाय गं, माझ्याच हातनं! साहिलला गाडी काढाया सांग. आदी त्यास्नी उठव!"

फोनमधून बांगड्या वाजल्या. दार ढकलल्याचा आवाज आला.

"आबा," अपेक्षानं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "आबा, अहो आबा!"

झोपमोड केली की गेणबा डोळे उघडायच्या आधी एक शिवी हासडतो. धोंडाबाई फोन कानात रुतवून त्या शिवीची वाट बघत राहिली.