मधला तुकडा

"अं... ब्रे... ला." प्रत्येक तुकड्याला सुलभाने टेबलावर लाकडी पट्टीचा ठोका दिला. "म्हणा अण्णा."

अण्णांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. त्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा त्यांच्या सवयीच्या शब्दांपासूनच सुरुवात करा, शब्द फोडून ठोक्यावर म्हणून घ्या, असं वाचा शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. सुलभाला ते नवीन नव्हतं. अण्णांच्याच वर्गात ती अशी शिकली होती, याच पट्टीच्या ठोक्यांवर. एखादा तुकडा गिळला की हात पुढे करावा लागे. घाबरून मागे घेतला तर आणखी एक पट्टी बसे. सरांची मुलगी म्हणून तिला कधी सूट नव्हती.

"अं," अण्णा म्हणाले. मग खूप वेळाने, "ला."

"मधलं कुठे गेलं?" सुलभाला ऑफिसला उशीर होत होता. "सकाळपासून तेच चाललंय. लक्ष कुठे आहे तुमचं?" पट्टी टेबलावर जोरात आपटली.

अण्णा दचकले. त्यांनी मान खाली घातली, आणि धड राहिलेला डावा हात हळूच उचलून तळवा तिच्यापुढे धरला.

सुलभाच्या हातून पट्टी गळून पडली. "नाही हो अण्णा, असं नाही," म्हणत तिने त्यांची बोटं मिटवायचा प्रयत्न केला.

पण अण्णांनी हात मागे घेतला नाही.