सुगुणनच्या मुंग्या

"पाच दिवस झाले, चेची," सुगुणन माडाच्या बुंध्याशी उकिडवा बसून म्हणाला. "मी जिथं लघवी करतो तिथंच मुंग्या येतात. काल जागा बदलली, तर तिथंपण आल्या."

थोरली बहीण तंकमणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. अठरा वर्षं झाली, भावाच्या डोक्यात आवाज बोलतात. तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. आधी म्हणे शेजारी पाठलाग करायचे, मग कावळे. आता मुंग्या. वर रात्री चारदा उठतो, तांब्यावर तांब्या पाणी पितो.

"आवर. डॉक्टरकडं जाऊ," ती म्हणाली. "गोळी वाढवून घेऊ."

सुगुणनचं डोकंच फिरलं. पाय जळजळतात म्हणाला, गोळी वाढली. दम लागतो म्हणाला, गोळी वाढली. गेल्या वर्षी तर गोळ्यांनी हात असे लाकूड झाले की ऐन पूरमच्या जत्रेदिवशी देवळापुढच्या झांजवाल्यांच्या रांगेतून त्याला घरी पाठवलं. यंदा आशानने, म्हणजे त्याच्या गुरूने, पुन्हा रांगेत घेतलं होतं. पूरम रविवारी होता.

"आवाज मला कळतात, चेची. ते बोलतात. मुंग्या काही बोलत नाहीत, येतात, चाटतात, जातात. बोलल्या असत्या तर मीच डबल गोळी मागितली असती."

तंकमणीचा नवरा दिवाकरन ओट्यावर पेपर वाचत बसला होता. तो फिस्सकन हसला.

"अरे येड्या, मुंग्या सगळ्यांच्याच लघवीला येतात. त्यात काय एवढं? माझ्यापण येतात."

"दाखव मग, अळिया," सुगुणन दाजीला म्हणाला.

मेव्हण्याने असं आव्हान दिल्यावर दिवाकरन थोडाच मागं हटणार. त्याने कमरेचा मुंडू वर खोचला, पलीकडच्या माडामागं जाऊन आला आणि चहा मागवला. तंकमणीने कपाळावर हात मारला. दोघं ओट्यावर बसून फुटबॉलची मॅच बघावी तसे दोन माड बघत राहिले.

घरोघर तब्येत विचारत फिरणारी आशा सेविका लिसी वही घेऊन फाटकातून आत आली, तेव्हा दोन्ही बुंध्यांशी काळ्याभोर रांगा लागल्या होत्या.

"बघ," दिवाकरन बायकोला म्हणाला. "माझ्याकडं जास्तच आहेत. गोळी द्यायची तर मलापण दे."

लिसीने काय चाललंय ते ऐकून घेतलं. ती हसली नाही. तिने पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि सुगुणनच्या बोटाला सुई टोचली.

तीनशे अठरा.

"या गोळ्या सुरू झाल्यापासून याची साखर कधी तपासली?"

अठरा वर्षांत सगळ्यांनी त्याचं डोकंच तेवढं तपासलं होतं.

"या गोळ्यांनी वजन वाढतं, साखर वाढते. अधूनमधून बघावीच लागते," लिसी म्हणाली. "तहान, जळजळणारे पाय, मुंग्या, सगळं त्यातलंच असणार. आता लगेच आरोग्य केंद्रात चल. मुंग्यांचं मी स्वतः डॉक्टरांना सांगते."

"आणि डबल गोळी?" सुगुणनने विचारलं.

"मुंग्या खऱ्या आहेत म्हटल्यावर कशाला?"

सुगुणनने बहिणीकडं असं बघितलं, की ती पदराआड हसायला लागली. लिसीने मात्र नवी सुई काढली आणि दिवाकरनकडं वळली.

"मला कशाला? माझं डोकं एकदम ठणठणीत आहे."

"बोट द्या."

तीनशे साठ.

"पण मला काहीच होत नाही," दिवाकरन पुटपुटला. "आता काय करायचं?"

सुगुणनने त्याच्या हातातून गोड चहाचा पेला अलगद काढून घेतला.

"घाबरू नको, अळिया," तो म्हणाला. "तू शहाणा माणूस. तुझं सगळे पहिल्याच दिवशी ऐकतील."