एकोणतीस नंबरची वायर

एकोणतीस नंबर सकाळी पुन्हा लाल झाला.

बाकीच्या छत्तीस चौकटी पडद्यावर हिरव्यागार होत्या. नदीच्या पाण्याची पातळी मोजणारी एकूण सदतीस केंद्रं, आणि वीज गेली तरी ती चालू राहावीत म्हणून प्रत्येक ठिकाणी एक यूपीएस. नेमक्या पुराच्या वेळी बॅटरीने मान टाकली, तर खालच्या वस्त्यांना पाणी दारात आल्यावरच कळणार. म्हणून सहा वर्षं मुख्य कचेरीतल्या ताई रोज सकाळी सदतीस फोन करायच्या. कुठला दिवा लागलाय, बॅटरी किती भरलीय, ते विचारायचं आणि वहीत उतरवायचं.

मग वरून हुकूम आला, की हे सगळं आपोआप व्हायला हवं. ते काम ताईंनीच केलं, आणि मन लावून केलं. प्रत्येक केंद्राच्या संगणकावर काय काय असायला हवं, ते त्यांनी एका फाइलीत लिहिलं. एक आज्ञा दिली की सदतीस ठिकाणी तीच मांडणी बसायची. कुणी काही बिघडवलं तर तासाभरात सगळं पुन्हा जागच्या जागी. यूपीएसचा आकडा सरळ पडद्यावर. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारख्या साडेआठला येऊन बसल्या. फोनकडे हात गेला आणि तसाच मागे आला. दुपारी शिपायाने चहा आणला, तेव्हा ‘ठेव’ म्हणताना त्यांचा आवाज घोगरा निघाला. सकाळपासूनचा तो पहिलाच शब्द होता. घरी तर प्रश्नच नव्हता. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात, तिचा फोन रविवारी, तोही घाईत.

तिसऱ्या दिवशी एकोणतीस नंबर लाल झाला. पडद्यावर आलं, ‘बॅटरी सापडत नाही’. म्हणजे यूपीएस आणि संगणक यांच्यामधली वायर निघाली होती. फाइल बाकी सगळं दुरुस्त करू शकत होती, पण निघालेली वायर खोचायला माणसाचा हातच लागतो. ताईंनी फोन लावला. तिथले रखवालदार काका म्हणाले, सैल झाली असेल, लावतो. लावलीही. चौकट हिरवी झाली, तरी बोलणं पुढे वीस मिनिटं चाललं. पाणी किती चढलंय इथून सुरू झालं आणि ताईंच्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग रोजच.

वायर दररोज साडेआठच्या ठोक्यालाच कशी सैल होते, हे ताईंच्या ध्यानात यायला चार दिवस लागले. काका ती मुद्दाम काढत होते. वस्तीपासून लांब, नदीच्या काठी पडून असलेला म्हातारा माणूस. त्याला बोलायला कोण असणार? सहा वर्षांत त्यांनी काकांना एकदाही पाहिलं नव्हतं, पण त्यांचा जीव तुटला. त्या कुणाजवळ काही बोलल्या नाहीत.

साहेबांच्या डोळ्यांत मात्र ती लाल चौकट खुपत होती. सोमवारपासून ती कायमची हिरवी दिसली नाही तर त्या माणसाला घरी बसवा, असं त्यांनी सांगून टाकलं.

शनिवारी ताईंनी पिशवीत नवी वायर टाकली आणि बस धरली. काय बोलायचं ते वाटेत चारदा मनाशी घोकलं. माणसाचा मान राहिला पाहिजे आणि नोकरीही.

केंद्र म्हणजे यंत्राची एक खोली आणि मागे छोटंसं घर. अंगणात दोरीवर मावणार नाहीत इतके कपडे. पायरीवर दोन नातवंडं हमरीतुमरीवर आलेली, सून भाजी निवडता निवडता त्यांना दटावत होती, आत तान्हं रडत होतं. ताईंना वाटलं, आपण भलत्याच दारात आलो. तेवढ्यात काका पुढे आले. आवाज तोच.

त्यांनी आधी वही उघडून दाखवली. वायर निघालेली असताना दर मिनिटाला यूपीएसचा आकडा डोळ्यांनी पाहून लिहिलेला. एकही नोंद चुकलेली नव्हती.

ताईंनी घोकलेलं बोलायला सुरुवात केली. तुम्हाला इथे एकटं वाटतं हे मला समजतं, मी अधूनमधून फोन करत जाईन, पण आता वायर काढू नका, नोकरीवर बेतेल. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली खाली गेला. एवढ्या गलक्यात ‘एकटं’ हा शब्द कुणालाच लागू पडेना.

काकांनी वही मिटली.

“वायर मी नाही काढत, ताई,” ते म्हणाले. “ही काढते.”

दारात काकी ओले हात पुसत उभ्या होत्या. त्या जराही ओशाळल्या नाहीत. त्यांनी ताईंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. उद्यापासून फोन येणार नाही असं ताईंनी शेवटच्या दिवशी सांगितलं आणि मग कितीतरी वेळ फोन ठेवलाच नाही, हे काकांनी घरात येऊन सांगितलं होतं म्हणे. त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नव्हतं.

“आमच्या घरात मेलं बोलणं संपत नाही,” काकी म्हणाल्या. “पण तुम्हाला फोन करायला काहीतरी कारण नको का?”